जांबोटीचा सुरय

तिसरं रेल्वे गेट पडलेलं,
म्हणून प्रज्वल मेळवंकीच्या ऑफिसात
आम्ही जरा उशिराच पोचलो.
त्यानं दोन पुस्तिका पुढ्यात पसरल्या,
लग्नपत्रिकेसारख्या गुळगुळीत.

‘हे मोठ्ठं जहाज, काका. अकरा मजले.
वर पोहायचा तलाव, खाली थेटर,
जैन जेवण मिळतंय,
हलतंय म्हणून कळतसुद्धा नाही.’
मग दुसरी, हळूच,
दुकानदारानं तळातलं लुगडं काढावं तशी :
‘हे लहान. बारा खोल्या. लिफ्ट नाही.
हलतंय मात्र.’

रत्नमालानं विचारलं, किती हलतंय?
‘चोर्ल्याच्या घाटात बस हलतंय की, तसं.
पण आठ दिवस.’

तिचा हात मोठ्या जहाजावर गेला.
मी चष्मा पुसून शेवटच्या पानावरची
बारीक अक्षरं वाचत होतो :
मोठं जहाज बेटांना लांबून वळसा घालतं.
लहान असलं तर रबरी होडीत बसवतात,
गुडघाभर पाण्यात उतरवतात,
पुढं आपले आपण चालत.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये
बरण्या पुसल्या.
बेडूक टाचणारे हात माझे नव्हते,
पण मेणाच्या त्या ताटल्या मीच धुतल्या;
आईला हे कधी सांगितलं नाही.
खिडकीजवळच्या कपाटात, वरच्या फळीवर, तो :
काळी पाठ, पांढरं कपाळ,
पोटात कापूस,
पायातून तार, तार सागवानी पाटात.
खाली टाकानं लिहिलेलं
सुरय. जांबोटी. जुलै १९६१. वादळानंतर.

पाच्छापुरे मॅडम एकदा मुलांना सांगत होत्या,
हा पक्षी घरट्यातून उडाला
की चार-चार वर्षं जमिनीला पाय लावत नाही.
मी फडकं हातात धरून तसाच उभा.
पुढं दर शनिवारी
ती तार पुसताना हात आपोआप हळू व्हायचा.

हिडकल धरणावरचे सुरय मी पाहिलेत,
नदीचे, संध्याकाळी घरी जाणारे.
हा त्यातला नव्हे.
कुठल्या वाऱ्यानं आणला असेल घाट चढवून,
आणि पाणी भरलेली भाताची खाचरं
वरून त्याला काय वाटली असतील?

‘म्हणजे मेलेल्या पाखराच्या घरी
भेटायला चाललाय म्हणा की,’ रत्नमाला म्हणाली.
मी म्हटलं, तो येऊन गेलाय आपल्याकडं.
तिनं पंख्याकडं पाहिलं, प्रज्वलकडं पाहिलं.
बाहेर गेट उघडल्याचा गलका झाला.
मग मोठ्या जहाजावरचा हात काढून
पर्समधली डायरी काढली आणि लिहिलं :
ओकारीच्या गोळ्या, चार पत्ते.

ग्रॅच्युइटीतले किती गेले ते विचारू नका.
जावयानं विचारलं, त्याला पण सांगितलं नाही.

आता घरी यादी आलीय.
तिसरा नियम असा :
बुटाच्या तळव्यात माती नको, बी नको,
त्या बेटांवर बाहेरचं काही रुजता कामा नये.
म्हणून रविवारी सकाळी
मी न्हाणीपुढच्या दगडावर बसलो,
जुना टूथब्रश आणि निवृत्तीला मिळालेला चिमटा घेऊन.
खानापूरची तांबडी माती,
खाचाखाचांत, किती वर्षांची कोण जाणे,
पाणी तीनदा बदललं तरी लालच.
नाडीच्या भोकात एक कुसळ सापडलं.

रत्नमाला आली, जराशी थांबली.
आयुष्यात पहिल्यांदा घेतलेले तिचे बूट,
अजून खोक्यातले, कोरे करकरीत,
काही न बोलता
माझ्या बुटांशेजारी दगडावर ठेवून गेली.