खालचा कप्पा

सुपरमार्केटमध्ये डोळ्यांच्या रेषेत
मांडलेली असतात नाववाली बिस्किटं.
आमची तळाशी, फरशीला लागून,
पांढऱ्या पुड्यात, पुड्यावर एकच शब्द: बिस्किटं.
हसणारं मूल नाही, गव्हाची ओंबी नाही.
सहा फूट चार इंचांचा हेनिंग
त्यांच्यासाठी गुडघा टेकतो,
चर्चमध्ये कधी न टेकलेला गुडघा,
म्हणून योरिंडे त्याला हसते.

हाले शहर, चौथा मजला, तिघांत एक स्वयंपाकघर.
माणशी आठवड्याला बावीस युरो.
हिशेब मी ठेवते, विब्के,
भूगर्भशास्त्र, तिसरं सत्र.
दगडांचे थर वाचायला शिकले,
तसेच आता फळ्यांचे थर वाचते:
वर पैसा, मध्ये भुरळ, तळाशी आम्ही.

टोमॅटोचा डबा घ्यायचा तो चेपलेला,
चीज घ्यायचं ते उद्या मुदत संपणारं,
पाव संध्याकाळी सातनंतर.
रिकाम्या बाटल्या यंत्रात ढकलल्यावर
जी चिठ्ठी मिळते, तिच्यात कांदे.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
महिन्याचे शेवटचे आठ दिवस मात्र निघतात.

फक्त योरिंडेची एक गोष्ट.
आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेली
बड्या कंपनीची काचेची बरणी आहे तिच्याकडे.
दर रविवारी खोलीचं दार लावून
ती स्वस्तातलं हेझलनटचं चॉकलेट
चमच्या-चमच्याने त्या बरणीत भरते,
कडा पुसते, झाकण घट्ट लावते.
आम्हाला माहीत आहे, हे तिला माहीत आहे.
कुणी बोलत नाही.
अभ्यासाला आलेली मुलं पावाला फासून खातात
आणि म्हणतात, शेवटी हीच चव खरी.

नोव्हेंबरात तिचे वडील आले, डेटलेफ,
माग्डेबुर्गजवळच्या कारखान्यात
पॅकिंगला सव्वीस वर्षं.
योरिंडेने बरणी पुढे केली.
त्यांनी बोटाने चाटून पाहिलं, मग उठून
कचऱ्यातून रिकामा प्लास्टिकचा डबा काढला,
चष्मा कपाळावर चढवला
आणि बुडावरचा बारीक आकडा वाचला.
"हे आमचंच," म्हणाले.
"पट्टा थांबत नाही गं. दुपारी दोनला
मी फक्त लेबलांचं रीळ बदलतो."

योरिंडेचे कान लाल.
हेनिंग टेबल बडवून हसला,
जणू बँकेने चुकून त्याला पैसे पाठवले होते.
"आणि टोमॅटो?" मी विचारलं.
"टोमॅटो नाही. तुमचे टोमॅटो वाईटच.
नुसतं पाणी. उगीच मनाची समजूत घालू नका."
"मग घरी तुम्ही कुठलं चॉकलेट आणता?"
ते जरा वेळ सुरीच्या टोकाने
पावाचे कण गोळा करत बसले.
"महागातलं.
हिच्या आईला ती बरणी आवडते."

बरणी अजून आहे. रविवारही आहेत.
दार मात्र उघडं असतं आता,
आणि कधीकधी कडा पुसायची राहते.

काल हेनिंगबरोबर दुकानात होते.
तो गुडघ्यावर, पिठाच्या पुड्यांशी,
इतक्यात काठी टेकत एक बाई आल्या,
कोटाची वरपर्यंत लावलेली बटणं,
हातात कापडी पिशवी.
उंच मुलाला लोक नेहमी
वरच्या फळीवरचं काढून द्यायला सांगतात.
या म्हणाल्या, पोरा, खाली आहेसच तर
दोन पुडे मलाही दे.
मला तिथवर वाकता येत नाही,
तीन आठवडे झाले, मधलंच घेतेय.

त्याने चार काढून दिले.
त्यांनी पिशवी उचलून पाहिली, मान हलवली:
जिना आहे रे, दोनच.
उरलेले दोन परत ठेवायला
तो पुन्हा वाकला.