न वाचायची टिंबं

वीज गेली की आमच्या बोळातले माग
एकामागून एक गप्प होतात.
शेवटी गड्डमांचा, त्याला दोन खटके
जास्त मारायची खोड आहे.
मग मी घाईनं चादरी पसरते,
दोन दोरीवर, एक खिडकीला,
एक डोक्यावरून : मोराची,
किनार उलटी विणली म्हणून
व्यापाऱ्यानं परत पाठवलेली.
आवाज चादरीत मुरतो,
भिंतीवर आपटून माघारी येत नाही.
बाहेर बेचाळीस. आतलं कुणी मोजलेलं नाही.
पानावर घाम पडू नये म्हणून
मनगटाला जुन्या लुगड्याची चिंधी.

लेखक जाऊन साठ वर्षं उलटली
की पुस्तक सगळ्यांचं होतं,
असं इरण्णा मास्तर म्हणाले तेव्हा
मला वाटलं, बंद गिरणीसारखं.
चिमणी उभी आहे, कुणाची विचारलं
तर लोक हात झटकतात.
"पुस्तक परत चालू होतं," मास्तर म्हणाले,
"कुणीतरी तोंड द्यायला पाहिजे."

माझं घर तेलुगू. घाईत अजून
तो पुस्तक, ती दगड होऊन जातं.
वाचताना होत नाही,
लेखकानं आधीच ठरवून ठेवलंय.

पण टिंबं!
नांव, गांव, कांहीं, नाहीं,
पानभर मोहरी सांडल्यासारखी.
पहिल्या दिवशी मी सगळी नाकातून वाचली.
मास्तर फोनवर एवढे हसले
की त्यांना ठसका लागला.
"ती वाचायची नसतात गं."
मग लिहिली कशाला?
"पूर्वी तिथं काहीतरी असायचं.
आवाज गेला, खूण राहिली."

मास्तरांची नजर अधू झालीय,
आता कुंभार वेशीतल्या खोलीत
कानानं मुद्रितं तपासतात.
अकरावा भाग, तेरा मिनिटं, चार सेकंद :
खोकला. काढ.

आई उंबऱ्याशी विड्या वळते.
मी वाचायला बसले की कात्री खाली ठेवते,
हजार पुरे व्हायला रात्र होते,
त्याबद्दल काही बोलत नाही.
तंबाखूच्या धुळीवर मात्र
तिचं काही चालत नाही.

मोबाईलवर आवाजाची रेघ दिसते,
माझे शब्द गवताएवढे,
मध्येच हा काटा.
गोष्टीतली बाई उताराला पोचलेली,
नदीला पाणी, नाव आहे, नावाडी नाही,
आणि तेवढ्यात आई.
कान देऊन ऐकलं तर त्याच्या आधी
पदर तोंडावर दाबल्याचंही कळतं.
कापला.
नदी पुन्हा नितळ वाहू लागली.
तुकडा टाकवला नाही. वेगळा ठेवला,
नाव द्या म्हणाला फोन,
दिलं.

दर भागाच्या शेवटी सांगायचं असतं :
वाचन, अनसूया गज्जम, सोलापूर.
पहिल्यांदा सोलापूर इतक्या मोठ्यानं म्हटलं
जसं कंडक्टरकडं तिकीट मागतेय.
आता हळू म्हणते.

काल बोळातल्या बायका सुपं घेऊन
आमच्याच दारात बसल्या.
माग धडधडत होते, म्हणून फोन
पितळी तांब्यात उभा केला.
उतार आला, नदी आली,
चार सेकंदांची ती जागा आली आणि गेली,
कुणाला कळली नाही.
भाग संपला. माझं नाव तांब्यात घुमलं.
"ते असू दे," आई म्हणाली, "तर्वात?"

तर्वात म्हणजे पुढं काय झालं.
पुढचं अजून वाचलेलंच नाही, मी म्हटलं,
लाईट जाईल तेव्हा वाचीन.

सगळ्याजणी खांबाकडं बघू लागल्या.
चिलकाबाईचा नवरा मागावरच असतो,
वीज गेली की त्याची मजुरी बुडते,
तीसुद्धा बघत होती.
गड्डमांचा माग रेटून चालू.
आज लाईट काही जाईना.