उल, ऊल

उल म्हणजे बुटाचा तळ.
ऊल म्हणजे डोंगर.
आमच्या मंगोल लिखाणात दीर्घाला वेगळी खूण नाही,
तेच अक्षर पुन्हा काढायचं, पहिल्याला खेटून,
शेपटी खाली सोडून.
मी मुलांना सांगते: एकटं असेल तर पायाखाली,
जोडीनं असेल तर डोक्यावर.
सव्वीस मुलं ऊऊऊ करतात
आणि बाहेरून वसतिगृहाचं कुत्रं साथ देतं.

तसंच, त्सस म्हणजे बर्फ.
त्सास म्हणजे कागद.
इथे मला कुठली युक्ती सापडली नाही.
दोन्ही पांढरे, दोन्हींवर खुणा उमटतात,
एवढंच म्हणाले, तर मागून एनेरेल:
"बाई, बर्फ खाता येतो."
"कागद चोइजिल खातो."

खरंच खातो. वहीचे कोपरे.
सहा वर्षांचा, उंटवाल्यांचा.
सप्टेंबरात बापाच्या मोटारसायकलवरून उतरला,
तीन दिवस बोलला नाही.
पेन्सिल मुठीत धरतो,
अक्षराला वेसण घालायची असल्यासारखी,
तरी ते ओळ सोडून उतारानं चालू लागतं.
दर वळणाला जीभ बाहेर.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी श्रुतलेखन घातलं:
ऊल त्सस्ताय.
डोंगरावर बर्फ आहे.
खिडकीत दिसतच होता, बघून लिहिण्यासारखा.
चोइजिलनं लिहिलं: उल त्सास्ताय.
तळाला कागद आहे.

एका शब्दात एक कमी, दुसऱ्यात एक जास्त,
हिशेब तेवढा बरोबर.
मी लाल पेननं दोन गोल केले.
शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं, हसलो सगळे,
भूगोलाचे बाल्दान सर तर चहा सांडेपर्यंत.

रात्री वसतिगृहाची पाळी माझी.
नोरोवआजी शेगडीत गोवऱ्या सारत होती,
भोवती बूट वाळत घातलेले, तोंडं आगीकडे.
करपल्याचा वास आला म्हणून एक जोड मागे ओढला.
डावा उलटा केला.
अंगठ्याखाली बटणाएवढं भोक,
आणि आत, घडीवर घडी,
ओला, पावलाच्या आकाराचा झालेला
कागद.
वहीचा. मीच पट्टीनं आखून दिलेल्या ओळी,
त्यांवर अर्धी विरघळलेली अ ची रांग.

किती वेळ उकिडवी बसले कोण जाणे.
याला विचारायचं तरी काय?
चुकीचं ऐकलंस,
की बरोबर लिहिलंस?
पलंगाच्या कठड्यावर हनुवटी टेकून तो बघत होता.
मी हळूच म्हणाले, "उल त्सास्ताय?"
त्यानं मान हलवली.
मग माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला,
"डोंगरावर बर्फ पण आहे, बाई.
ते उद्या लिहितो."

नोरोवआजी काही न बोलता उठली,
जुन्या नमद्याचा तुकडा आणि मेंढ्या कातरायची कात्री घेऊन आली.
त्याला नमद्यावर उभं केलं.
मी लाल पेन काढलं, दुसरं खिशात नव्हतंच,
आणि टाचेपासून निघून त्याच्या पावलाभोवती
सावकाश, न उचलता, एक रेघ फिरवली.
गुदगुल्या झाल्या तरी तो हलला नाही.
वाकून बघत राहिला.
"हे कुठलं अक्षर?"

मला उत्तर देता आलं नाही.
"दुसरा पाय," म्हणाले.

वहीतले दोन गोल आहेत तसेच,
लाल शाई पुसता येत नाही.
खाली त्यानं बुधवारी लिहिलंय: ऊल.
दोन शेपट्या.
दुसरी इतकी लांब की समासातून खाली उतरते,
पान उलटलं तर पलीकडेही
तिचा दाब हाताला लागतो.