अकरा सेकंद

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
इथं पायरी नव्हतीच. लिफ्ट होती,
आणि माझ्या घोट्यात सात स्क्रू.

कार्मेला पेट्रिलो, हायवेवरच्या फलकावर दिसते
त्यापेक्षा बुटकी, शिवाय सर्दीनं बेजार,
म्हणाली, बसा.
जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा,
हरलो तर तुम्ही मला एक पै देणं लागत नाही.
आता सांगा, धडक बसली तेव्हा
तुमचे पाय कुठे होते?

एक बाहेर. चिखल झालेल्या बर्फात.
आणि दुसरा?
गाडीतच.

तिनं पेन खाली ठेवलं.
कंपनी म्हणते, प्रवास सहा बेचाळीसला संपला.
ड्रायव्हरनं बटण दाबलं
आणि अकरा सेकंदांनी मागून व्हॅन आली.
ते अकरा सेकंद तुम्ही कुणाच्याच नव्हता, मिसेस ह्नात्युक.
प्रवासी नाही. धड पादचारीही नाही.

अकरा सेकंद म्हणजे किती, मला विचारा.
पियानोची सगळ्यात जाड तार छेडून सोडली
तर तेवढ्यात ती अर्धीही विझत नाही.
चाळीस वर्षं क्लीव्हलंडभर पियानो जुळवतेय.
आवाज संपला असं कधी म्हणायचं,
एवढीच काय ती माझी विद्या.

मग कागद.
बुडालेल्या कामांची यादी, मागच्या तीन वर्षांचा कर,
माझी निळी वही, जिच्यात अर्धी गिऱ्हाइकं रोखीची
आणि एक म्हातारी पिरोगीच्या डब्याची.
डबा धरत नाहीत, कार्मेला म्हणाली,
आणि पुढं बराच वेळ शिंकत राहिली.

डाव्या कानात एक सूर राहून गेलाय.
वरचा सी. दिवसरात्र.
विम्याच्या माणसानं फोनवर विचारलं,
त्रास किती, एक ते दहा?
मी म्हटलं, तो उतरलेला आहे हो.
किती?
चार सेंट.
आमच्यात सूर सेंटनं मोजतात, हे सांगेपर्यंत
त्यानं ते डॉलरच्या रकान्यात लिहून टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये टेस्फालेमची साक्ष झाली.
त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्या आखूड.
मला तो त्या दिवशी फक्त मागून दिसला होता:
मान, टोपी, आरशातला एक डोळा.
बटण तुम्ही दाबलं?
दाबलं.
म्हणजे प्रवास संपला?
नाही.
साहेब, बटण दाबल्याशिवाय पुढचं भाडं येत नाही,
म्हणून आम्ही सगळेच जरा आधी दाबतो.
पण बाईंची हत्यारांची पेटी माझ्या डिकीत होती.
दुसऱ्याचं सामान डिकीत असताना
प्रवास संपतो कसा?

साक्ष टाइप करणारी मुलगी थबकली,
मग तिची बोटं पुन्हा चालू झाली.

त्याच आठवड्यात त्याचं खातं बंद झालं.
कारण लिहिलं नव्हतं.

आणि आमचं ऑक्टोबरात मिटलं.
आकडा सांगायचा नाही अशी मी सही केलीय,
सांगण्याजोगा होता अशातला भाग नाही.
आधी हॉस्पिटलनं आपलं घेतलं,
मग तिसरा हिस्सा, मग झेरॉक्सचे पैसे वेगळे.
उरल्यातून नवी पेटी घेतली, चाकांची.

फोनवर अजून तो प्रश्न आहे:
प्रवास कसा झाला?
खाली पाच रिकाम्या चांदण्या.
केस चालू आहे, हात लावू नका, अशी ताकीद होती.
केस मिटल्यावर लावला.
मुदत संपली, असं आलं.

काल त्याच चर्चमध्ये गेले, पार्माला, बसनं.
पियानो फेब्रुवारीपासून तसाच,
माझी वाट बघत आणखी बिघडलेला.
दुपारभर एकेक तार ओढत वरच्या सीपाशी आले
आणि हात थांबला.
बाहेरचा एक, आतला एक, दोघं एकमेकांवर घासू लागले.
असं होऊ शकत नाही, डॉक्टर म्हणतात.
होतं.

किल्ली थोडी मागं फिरवली.
चार सेंट.
घासणं थांबलं.
फादरना कळणार नाही, गाणाऱ्या बायकांनाही नाही,
आणि झाकण लावून मी बिलावर
नेहमीचाच आकडा लिहिला.