पाणी कुणाचं

चाकू मागितला की बाबालाल शिकलगार
आधी गिऱ्हाइकाचा हात बघायचे.
माझ्या अंगठ्यावर कलमं करून करून पडलेली चीर बघितली,
म्हणाले, बस. तुला चकचकीत देऊन भागायचं न्हाई.

सावळजच्या बाजारात, भांडीवाल्यांच्या पलीकडं,
एक पोतं, पायानं फिरणारं एक चाक,
एरंडेलाची बाटली.
एवढंच दुकान.

चाकू उघडायचे तो कानाजवळ नेऊन.
खट्ट व्हायला पाहिजे. खट न्हाई.
एक ट कमी पडला की समजायचं, कमान मेली,
पातं उद्या झोपंल तुझ्याच बोटावर.

मग मिटलेला चाकू उन्हासमोर धरायचे.
पातं आणि कमानीच्या फटीतून
उजेडाची दोरी दिसली तर मुकाट बाजूला.
रिव्हेटवरनं नख फिरवायचे. अडलं, की तोही बाजूला.
मूठ शिंगाची का प्लास्टिकची, ते सगळ्यात शेवटी.
मुठीवर भुलतोय त्यो नवरदेव, म्हणायचे,
आणि स्वतःच हसायचे.

पातं चाकाला टेकवलं की
ठिणग्यांना फाटे फुटायचे, बाभळीची फुलं झडावीत तसे.
हे ट्रकच्या पाट्याचं.
सरळ तांबड्या रेघा निघाल्या, तर ते डब्याचं,
त्यानं फार तर पेरू काप.

त्या चाकूनं मी अकरा हंगाम काढले.
डॉगरिजच्या काडीवर काप एका ओढीतच बसावा लागतो,
दुसऱ्यांदा ओढलं की डोळा धरत नाही.
पातं झिजून चिंचेच्या शेंगेएवढं उरलं
तेव्हा दुसरा घेतला, त्यांच्याकडूनच.
चारशे कलमांत धार मुडपली.

दोन्ही चाकू पोत्यावर ठेवले.
वाटलं, चिडतील.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
एकेका पात्याला टिचकी मारली, ऐकलं,
आणि बराच वेळ
चाकाचा पट्टाच नीट करत बसले.

ह्ये जुनं हाय न्हवं, त्येला जैतूननं पाणी दिलंय.
नवं माझं.

नाव पाण्याचं, बुडवायचं तेलात.
दार लावून घ्यायची. अंधारात बसायची.
तापल्या पात्यावर रंग चढायचा,
आधी गव्हाळ,
मग कांद्याच्या सालीचा.
तिथंच बुडवायची. तिथंच.
चाळीस वर्सं मी नुसता ठोकत आलो, बाबा,
आन् नाव माझं झालं.

आता तिच्या डोळ्यावर पडदा आलाय.
भट्टीजवळ येऊन बसती अजून.
रंग कुठवर आला, इचारती.
मी सांगतो.
सांगुस्तवर निळं झालेलं असतं.

नव्याचे पैसे त्यांनी परत केले, मोजून,
सुट्टे शेजारच्या भांडीवाल्याकडून घेऊन.
जुना तेलाच्या चिंधीत गुंडाळून दिला.

आज बागेत पहिला काप घेण्याआधी
मी तो कानाजवळ नेऊन उघडला.
दुसरा ट आहे अजून.
थोडा.