पंक्चर

फत्तेगंजच्या उपासनेला निघालो
तर काळ्या घोड्यापाशी मागचं चाक बसलं.

कारखाना बंद झाल्यापासून
मीही असाच, नुसत्या रिमवर.
प्रार्थना म्हणजे हललेले ओठ.

शब्बीरभाईनं ट्यूब घमेल्यात बुडवली,
बोटाबोटानं दाबत फिरवली.
बुडबुडा नाही.
"हशे, हशे," म्हणत
पुन्हा पहिल्यापासून.

तिकडे घंटा होऊन गेली.
मी गढूळ पाण्याकडे बघत उभा.
तान्हेपणी माझ्या कपाळावर ओतलेलं पाणी
आईलाच ठाऊक.

मग व्हॉल्व्हच्या अगदी बुडाशी
एक बारीक श्वास.
"मळी गयुं!"

उशिरा पोचलो. भाकर वाटून होत आलेली.
हात ग्रीसनं काळे;
पाळकबाईंनी तिथेच ठेवली.

उद्या मकरपुरा, नऊ किलोमीटर.
दोन शेड राहिल्यात विचारायच्या.