तीन चमचे कमी

तोफ होती आमच्या बोटीवर, एक,
पण तिचं तोंड सदा ताडपत्रीत.
एका वर्षी आत कुठल्याशा पाखराने घरटं केलं
तर कप्तानाने सरावच रद्द केला.

'एदुविना' पुरवठ्याची बोट. चौतीस वर्षं
ताल्काउआनोहून दक्षिणेला जायची, पोटात
पीठ, रॉकेल, कांदे, टपाल,
दीपगृहाच्या काचा कापसात गुंडाळून,
एकदा वासरू, एकदा फळा आणि खडूची पेटी,
एकदा रिकामी शवपेटी,
येताना रिकामी नव्हती.

संचलनात कोणी आमच्याकडे बघायचं नाही.
तेल संपत आलं
की सगळ्या दुर्बिणी आमच्या दिशेला.

मी नोल्बेर्तो ओयार्सो, भांडारपाल.
माझी लढाई वहीशी.

मार्चमध्ये हुकूम आला: सेवामुक्त.
मोजा, ताळा जुळवा, सही करा.
सहा दिवस मोजत होतो. दोर, घोंगड्या, कंदील,
लोखंडी पलंग एकशेबारा.
चमचे वहीत दोनशे चाळीस,
हातात दोनशे सदतीस.

तपासनीस पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
म्हणाला, तीन कमी.
म्हटलं, हो.

एक बार्रियाच्या दीपगृहावर राहिला.
त्याची बायको तापलेल्या बाळाला औषध पाजत होती,
वारा उठला, आम्हाला निघावं लागलं.
पुढच्या खेपेला गेलो तर पोर चालत होतं,
त्याच चमच्याने माती उकरत.
कुठल्या तोंडाने मागू?

दुसरा पेनासच्या आखातात.
एका लाटेने सूप, वाडगा
आणि आचारी सेगुंदोचा पुढचा दात,
सगळं एकदमच नेलं.

तिसऱ्याचं मी बोललो नाही.

पोराने लिहिलं: गहाळ तीन. किंमत नगण्य.

जूनमध्ये टग आली.
सलामीच्या बिगुलवाल्याला नेमकी सर्दी.
एदुविना पाण्यावर इतकी उंच
की तळाचा तांबडा रंग उघडा पडलेला.
चौतीस वर्षांत एवढा तांबडा
आम्ही पाहिलाच नव्हता.
भरलेलीच पाहिली होती तिला.
सेगुंदो म्हणाला, बघू नकोस,
आणि स्वतः बघत राहिला.

भंगारवाल्याने वजनावर घेतली म्हणे.
पीठ, कांदे धरून नाही.

सकाळी चहात साखर ढवळतो,
चमचा कपाच्या काठाला टेकवतो.
दांड्यामागचं नाव झिजलंय, 'एदु' तेवढं लागतं अंगठ्याला.
हुकमात याचा उल्लेख नाही.
याला अजून कोणी
सेवामुक्त केलेलं नाही.